पुलावची पाकिटं पुरे झाली, आता हात धुवायला नळ द्या

पत्र (मे २०२१, करोनाची दुसरी लाट) :

काका, नमस्कार. मी आजऱ्याकडचा, वय ४१. ठेकेदारामार्फत अ‍ॅम्ब्युलन्सवर पायलट आहे. (आमच्यात ड्रायव्हरला पायलट म्हणतात.) सकाळी आठ ते रात्री आठ ड्युटी. पेशंट घेऊन कोल्हापूर गाठायला दोन-अडीच तास, बेड मिळेपर्यंत दवाखान्याच्या दारात थांबायचं, गाडी धुवायची, की पुढचा कॉल तयार. वाटेतली हॉटेलं, ढाबे बंद. एका गावात रस्त्याकडेच्या नळावर हात धुवायला थांबलो तर घरातनं माणूस काठी घेऊन बाहेर आला. कँटीनवाला म्हणतो, पीपीई किट घालून आत यायचं नाही. गेटवर लोक पुलावची पाकिटं देतात, पण ती खायची कुठं? मागच्या महिन्यात डॉक्टर आणि मी केबिनमध्येच काचा लावून जेवलो. चार दिवसांनी ते पॉझिटिव्ह आले. मी वाचलो. तेव्हापासून ड्युटीवर जेवायचंच सोडलंय. डबा तसाच परत नेतो, बायको रडते. सुपरवायझरला म्हटलं तर म्हणाला, "लोकं ऑक्सिजनवाचून मरायला लागलीत आणि तुला भाकरी सुचते होय?" आता मलाच लाज वाटायला लागलीय. मी चुकतोय का? आणि मागायचंच झालं तर कुणाकडं मागायचं?
ता.क. मला शुगरची गोळी सुरू आहे.

उत्तर :

तू मला काका म्हटलंस, म्हणून सरळ अरे-तुरे करतो, राग मानू नको.

सगळ्यात आधी ता.क. पत्राच्या बुडाला, जागा उरली म्हणून टाकावं तसं ते वाक्य टाकलंयस. ते पहिल्या ओळीत पाहिजे होतं. सकाळी गोळी घ्यायची, दिवसभर पोटात काही घालायचं नाही आणि पाठीमागं पेशंट घेऊन ऐंशीच्या वर किलोमीटर गाडी मारायची, हे चालणार नाही. शुगरच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. नुसती मेटफॉर्मिन असेल तर उपाशीपोटी साखर एकदम कोसळायचा धोका कमी. ग्लिमेपिराइडसारखी असेल तर जेवण चुकलं की साखर खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, उगाच चिडचिड होते, डोळ्यांपुढं अंधारी येते. त्यात तुझी अडचण अशी, की मे महिन्यात किटच्या आत घाम येतोच. हा घाम उन्हाचा का साखरेचा, हे तुला कळणार नाही. तुझ्याच गाडीत डॉक्टर बसतो. आज ड्युटीवर गेल्यागेल्या गोळीचं पाकीट त्याला दाखव आणि जेवणाची वेळ पक्की नसेल तर कुठली गोळी कधी घ्यायची ते विचार. मनानं गोळी बंद करू नको. खिशात साखरेची पुडी ठेव. अंधारी आली तर गाडी कडेला घे, तीन चमचे साखर पाण्यातनं पोटात ढकल, पंधरा मिनिटं थांब, मग काहीतरी खा आणि बरं वाटल्यावरच स्टीअरिंगला हात लाव. पाठीमागं पेशंट असला तरी. डॉक्टर वायरलेस नाहीतर फोन करून दुसरी गाडी मागवेल. तू बेशुद्ध पडलास तर तेही करायला वेळ मिळणार नाही.

आता लाजेचं. सुपरवायझरचं ते वाक्य मला नवीन नाही, मी स्वतः ते बोललेलो आहे. एसटीत मी शेवटची काही वर्षं कंट्रोलर, म्हणजे गाड्या सोडणारा वाहतूक नियंत्रक, म्हणून काढली. जोतिबाच्या चैत्री यात्रेला डोंगरावर जादा गाड्या सोडायच्या असतात, माणसांचा नुसता लोंढा असतो. एका ड्रायव्हरनं तिसरी फेरी करून आल्यावर सांगितलं, "साहेब, दोन घास खाऊन घेतो." मी म्हटलं, "खाली दोन हजार माणूस उभं आहे, आणि तुझं काय रे!" तो गप गाडीवर गेला. उतारावरनं खाली आल्यावर, केर्लीच्या अलीकडं, सपाट सरळ रस्त्यावर त्यानं गाडी उसात घातली. वळण नव्हतं, समोर कुणी नव्हतं. कुणाला लागलं नाही, अंबाबाईची कृपा. मी जाऊन बघितलं तर त्याचा डबा बॉनेटवर तसाच होता, फडक्याची गाठ न सोडलेली. त्या काळी ड्रायव्हर लोक डबा इंजिनच्या बॉनेटवर ठेवायचे, भाजी आयतीच गरम राहायची. त्या डब्याला मी हात लावला तर चटका बसला.

त्यामुळं सुपरवायझरला उत्तर द्यायचं झालं तर एवढंच दे : ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा असताना गाडी बाहेर काढता का? मग पायलट रिकामा असताना कशी काढता? चढ्या आवाजात म्हणू नको. तोही बिचारा वरच्याच्या शिव्या खात असणार.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली, कदाचित तुझ्या लक्षात आली नसेल. तुझ्याकडं अन्न आहे. बायकोचा डबा आहे, गेटवरची पाकिटं आहेत. कोल्हापूर या बाबतीत कमी पडणारं गाव नव्हे. २०१९ च्या पुरात बघितलं, आताही बघतोय, तालमी आणि मंडळं चुली पेटवून उभी आहेत. तुझ्याकडं नाही ते तिसरंच : अर्धा तास, नळ आणि किट उतरवून बसायला सावली. म्हणून मागताना "जेवणाची सोय करा" असं मोघम मागू नको. तसं मागितलंस की उद्या आणखी पन्नास पाकिटं येतील, वर फोटो निघेल, आणि तू पुलावचं पाकीट घेऊन पुन्हा त्याच केबिनमध्ये बसशील.

केबिनचं तुला कळून चुकलंयच. काचा लावलेली केबिन म्हणजे दोघांनी मिळून एकच हवा खायची जागा. तुम्ही दिवसभर मास्क लावून वावरता, आणि नेमका जेवताना दोघांचा एकदम उतरतो, तोही समोरासमोर, गप्पा मारत. पेशंटपेक्षा तो डबा महागात पडतो. डॉक्टरला तुझ्याकडनं झालं का तुला त्याच्याकडनं होणार होतं, हा हिशोब मात्र मनातनं काढून टाक, त्यात काही हाती लागत नाही. इथनं पुढं दोघांनी मिळून आत जेवायचं नाही. अगदीच पाऊस लागला तर एकट्यानं, गाडी बंद करून, दोन्ही दारं सताड उघडी टाकून. पेशंटच्या भागात तर चहाचा कपसुद्धा न्यायचा नाही.

वेळ कुठनं काढायचा? तू जे लिहिलंस त्यावरनं मला तर तो दिसतोय. पेशंट आत दिला की गाडीला एक टक्क्याचं हायपो (जंतू मारायचं सोडियम हायपोक्लोराइट) मारता. ते मारलं की लगेच पुसून पळायचं नसतं, दहाएक मिनिटं तसंच राहू द्यावं लागतं, नंतर दारं उघडी टाकून गाडी वारा खाऊ द्यायची. तेवढा वेळ गाडी तशीही हलत नाही. त्यालाच जोडून जेवण. भांडायचं ते एवढ्यासाठी, की कंट्रोल रूमला "गाडी मोकळी" हा निरोप पेशंट उतरवल्यावर न देता धुणं आणि जेवण दोन्ही झाल्यावर द्यायचा. तुमच्यात बहुतेक उलटं होत असणार : पेशंट उतरला की मोकळी, मोकळी म्हटलं की कॉल. आणि जेवलास ती वेळ लॉगबुकात लिही. नाही जेवलास तर तेही लिही, "जेवण नाही, सलग नऊ तास." आमच्याकडं जे लॉगशीटवर नाही ते घडलंच नाही असं धरायचे. महिनाभराच्या अशा नोंदी घेऊन गेलास तर कुणाला तुझ्या तोंडाकडं बघावं लागणार नाही, वही बोलेल.

कायद्याचं विचारलं नाहीस, तरी सांगतो, कारण लाज त्यानं जाते. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ सालचा. त्यात ड्रायव्हरला दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम सांगितलंय, आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, त्याआधी निदान अर्धा तास विश्रांती द्यायची. तुझ्या ठेक्याला तो अक्षरशः लागतो का, यावर दोन वकील संध्याकाळपर्यंत भांडतील. पण पाच तास आणि अर्धा तास हे माप कुणी हवेतनं काढलेलं नाही, एवढं तुझ्या हाती लागतं. दुसरा कायदा जास्त कामाचा : १९७० चा कंत्राटी कामगारांचा. पिण्याचं पाणी, संडास-मुतारी, हातपाय धुवायची सोय ठेकेदारानं द्यायची. आणि त्यानं नाही दिली तर ज्याच्यासाठी काम चाललंय त्या मूळ मालकानं द्यायची आणि खर्च ठेकेदाराच्या बिलातनं कापून घ्यायचा. म्हणजे "ते ठेकेदाराचं बघा" म्हणून सरकारी दवाखान्याला हात झटकता येत नाहीत. गेल्या वर्षी, २०२० मध्ये, संसदेनं असले बरेच कायदे एकत्र करून नवी संहिता मंजूर केलीय, पण आज, मे २०२१ मध्ये, ती लागू झालेली नाही. अर्जात जुनीच नावं घाल. (टीप : ही संहिता पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि वरचे दोन्ही जुने कायदे तिच्यात गेले.)

जागेबद्दल मला एक सुचतंय, आणि ते सुचणार मलाच, कारण जन्म त्यात गेला. लॉकडाऊनमुळं एसटी जवळजवळ उभी आहे. आपल्या जिल्ह्यात आजरा, गडहिंग्लज, चंदगड, गारगोटी, राधानगरी, गगनबावडा, मलकापूर, कागल अशी तालुक्या-तालुक्याला आगारं आहेत. प्रत्येक ठिकाणी शेड, पाण्याची टाकी, संडास, मोठं मोकळं आवार, आणि आत-बाहेर जायला रुंद फाटक, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्स फिरवायलाही त्रास नाही. दोन मिनिटांत हायवेला लागता येतं. शिवाय तिथं बसलेला माणूस ड्रायव्हरला नळावरनं काठी घेऊन हाकलणार नाही. असले टक्केटोणपे खाल्लेले असतात त्यानं पण. आजऱ्याहून उत्तूर, मुदाळ तिट्टामार्गे येत असशील तर गारगोटी जरा वाकडी पडते, पण गडहिंग्लजवरनं आलास तर तिथलं आगार वाटेतच. कोल्हापुरात मात्र दवाखान्याच्या आवारातच जागा पाहिजे, कारण हायपो तिथं मारतोस.

आवारातल्या जागेसाठी तालमीच्या पोरांना गाठ. लग्नं बंद असल्यामुळं मांडववाले हातावर हात ठेवून बसलेत. एक छोटा मांडव, तीन बाजू उघडा. एक पाण्याची टाकी, पायानं दाबायचा नळ, साबण. आठ खुर्च्या, सहा-सहा फुटांवर, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, एसटीच्या बाकासारखी. हसू नको, हेच खरं औषध आहे. मांडवाच्या अलीकडं चुन्याची रेघ : रेघेच्या बाहेर किट उतरायचं, तिथंच दवाखान्याच्या लाल-पिवळ्या पिशव्यांचे डबे. पोरांना सांग, आठवडाभर पुलाव नको, त्या पैशात हे करा. ती करतील. फक्त परवानगीचा कागद त्यांच्या हातात पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी सुरक्षारक्षक मांडव उपटायला लावेल.

तर कागद. तोंडी मागितलेलं तोंडीच नाकारतात, ते तू बघितलंसच. एकटा जाऊ नको, तुमच्या पट्ट्यातले सात-आठ पायलट आणि डॉक्टर, सगळ्यांच्या सह्या घे. डॉक्टरची सही असली की कागद वेगळ्या टेबलावर जातो, खोटं कशाला बोला. आजऱ्यात ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक, कोल्हापुरात जिथं पेशंट उतरवता तिथले प्रमुख. प्रत ठेकेदाराला आणि जिल्हाधिकाऱ्यांना, कारण २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच, आणि आगाराचं फाटक उघडायचं तर त्यांचा एक फोन पुरतो. मजकूर लांबवू नको. हा घे :

"आम्ही खाली सह्या करणारे रुग्णवाहिकेवर बारा तासांची पाळी करतो. पाळीत किट उतरवून, हात धुऊन जेवायला जागा व वेळ नाही. मागील महिन्यात बंद केबिनमध्ये जेवल्यानंतर आमच्यातील एक डॉक्टर बाधित झाले. तरी १) रुग्ण उतरवण्याच्या ठिकाणी नळ, साबण व उघडी सावली, २) निर्जंतुकीकरणाला जोडून अर्धा तास, त्यानंतरच गाडी मोकळी समजावी, ३) तालुक्यातील एसटी आगाराचे आवार पाणी व स्वच्छतागृहासाठी वापरण्याची परवानगी, एवढे मिळावे. कायद्यानुसार ही सोय करणे मूळ नियोक्त्याची जबाबदारी आहे."

पोच घे. शिक्का मारत नसतील तर तारीख टाकून कारकुनाची सही घे, तीही देत नसेल तर तिथंच उभं राहून मोबाइलवर फोटो काढ आणि ईमेल टाक. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात हाच कागद, फक्त वर "स्मरणपत्र" लिहून. नोकरी जाईल का, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. आज अ‍ॅम्ब्युलन्स चालवायला माणूस मिळत नाही. मागायची वेळ हीच आहे. साथ ओसरल्यावर तुमच्याकडं कोण बघणार नाही.

जेवायला बसायचा क्रम डॉक्टरांकडनं एकदा करून घे, पण त्यात लोक दोन ठिकाणी चुकतात म्हणून सांगतो. मास्क सगळ्यात शेवटी काढायचा, आणि काढल्यावर पुन्हा हात धुवायचे. तो हनुवटीला लटकवायचा नाही, खिशातही नाही. टाकायचा असेल तर पिशवीत, परत वापरायचा असेल तर कागदी पाकिटात. दुसरं म्हणजे मोबाइल. हात धुवून बसतोस, आणि पहिला घास घ्यायच्या आत फोन वाजतो, तू उचलतोस. झालं, मघाशी पेशंटच्या खाटेजवळ होता तोच फोन. पारदर्शक पिशवीत घालून ठेव, वरनंच बटण दाबता येतं.

पाण्याचंही ऐक. किटमध्ये लघवीला जाता येत नाही म्हणून तुम्ही लोक पाणीच पीत नाही, हे मला न सांगता माहीत आहे. आमचे लांब पल्ल्याचे ड्रायव्हर हेच करायचे आणि पन्नाशीत मुतखडे घेऊन बसायचे. किट चढवायच्या आधी आणि उतरवल्यावर पोटभर पी. उन्हात घाम जास्त गेला असेल तर ओआरएस घे. ते घरीही होतं : लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पण त्यात साखर आहे आणि तुला शुगर आहे, म्हणून तुझ्यासाठी रोजचं पेय मिठाचं ताक. ओआरएस खरोखरच गळून गेलास तरच.

राहिला डबा. एक मोठा डबा देऊ नको म्हणावं, दोन छोटे दे. एक निघायच्या आधी अर्धा संपवायचा, दुसरा हायपोच्या वेळेला. त्यात धपाटे, नाहीतर दुधातली दशमी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. हे गार झालं तरी गोड लागतं, हातात धरून खाता येतं, आणि दुपारपर्यंत आंबत नाही. ओली भाजी आणि भात नको. मे महिन्यात बंद गाडीत सकाळी आठचा भात दुपारी दोनला खाणं म्हणजे दुखणं विकत घेणं, शिजवलेल्या भातातला जंतू उबेत वाढतो आणि पुन्हा गरम केला तरी त्याचं विष जात नाही.

भात नको म्हणून घरी सांगताना मात्र जरा जपून. पत्रात तू लिहिलं नाहीस, पण आजऱ्याची बाई नवऱ्याच्या डब्याला घनसाळच, म्हणजे तिकडचा वासाचा तांदूळ, घालत असणार. घनसाळ रात्री घरी येऊन खातो म्हणावं, गरम गरम.